सरकारी आरोग्य विमा असूनही उपचार का मिळत नाहीत?

प्रश्न :
विम्याचे लाभार्थी किती वाढले हे सरकारे आवर्जून सांगतात. परंतु विमा मिळालेला माणूस डॉक्टरपर्यंत पोहोचतो की नाही, हे धोरणातील कोणत्या तरतुदींवर ठरते? जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ :
विम्यामुळे उपचार घेणे वाढते, याविषयी फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने 2008 मध्ये ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या सरकारी विमा योजनेतील मर्यादित जागा सोडत काढून भरल्या, त्यामुळे विमा मिळालेल्या आणि न मिळालेल्या, एरवी सारख्याच असलेल्या लोकांची तुलना करता आली. विमाधारकांचे दवाखान्यात जाणे वाढले, वैद्यकीय कर्जाचा ताण हलका झाला, नैराश्यही घटले. मात्र पहिल्या दोन वर्षांत रक्तदाबात ठोस सुधारणा आढळली नाही. तातडीच्या विभागातील गर्दी तर कमी होण्याऐवजी वाढली.

प्रतिसाद २ :
खरी मेख योजनेत काय बसते यात आहे. भारतातील 2018 ची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. म्हणजे मधुमेह आटोक्यात ठेवण्याचा खर्च रुग्णाने करायचा आणि त्याच मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली की डायलिसिसचा खर्च योजनेने करायचा, असा हा उलटा हिशेब होतो. कॅनडासारख्या श्रीमंत देशातही 1984 च्या आरोग्य कायद्याने डॉक्टर आणि रुग्णालय यांची हमी दिली, घरी घ्यायची औषधे मात्र बाहेर ठेवली. थायलंडने 2002 मध्ये बाह्यरुग्ण सेवा पहिल्यापासून योजनेत घेतली आणि रुग्णाला आधी जवळच्या प्राथमिक केंद्राशी जोडले. मला तो मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

प्रतिसाद ३ :
दरांचाही विचार व्हावा. योजना उपचारासाठी रुग्णालयाला देते तो दर प्रत्यक्ष खर्चाखाली गेला की खासगी रुग्णालये सामील होत नाहीत, किंवा सामील होऊनही सोपे रुग्ण तेवढे घेतात.

प्रश्नकर्ता :
रुग्णाने खर्चाचा थोडा वाटा उचलला तर अनावश्यक वापर थांबेल, असेही म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

प्रतिसाद २ :
अर्धेच. ‘रँड’ या अमेरिकी संशोधन संस्थेने 1970 च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात वाटा वाढताच वापर घटला खरा, पण लोकांनी अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही टाळले. कोणती तपासणी टाळण्याजोगी आहे, हे डॉक्टरकडे गेल्याशिवाय रुग्णाला कसे कळावे?