भाऊचा धक्का नक्की कुठला? आजी म्हणते, "ह्यो न्हय"

माझगावचा_नातू

गेल्या महिन्यात आजीला (वय 83) घेऊन अलिबागला मावशीकडे गेलो. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तिचे गुडघे धरतात, म्हणून या वेळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाडीसकट नेणाऱ्या बोटीने) जायचं ठरवलं. डॉकयार्ड रोडवरून आत वळलो, मॅलेट बंदर रोडने पुढे गेलो. गाडी थेट बोटीच्या पोटात शिरली. आम्ही वर एसीत बसून सामोसे खाल्ले आणि तासाभरात मांडव्याला उतरलो. सगळं छान. पण आजी जाताना गप्प आणि येताना चिडलेली.

शेवटी म्हणाली, "माका भाऊच्या धक्क्यार नेतंय म्हणून खंय नेलंस? ह्यो भाऊचो धक्को न्हय!"

मी तिला मोबाइलवर नकाशा दाखवला, पाटी दाखवली. तिकिटावर छापलेलं नावही दाखवलं. काही फरक नाही. तिचं माहेर मालवणचं. ती 1970 च्या दशकात शेवटची बोटीने गेली होती, त्यानंतर एसटी आणि मग कोकण रेल्वे. तिच्या मते तिचा धक्का "वेगळोच" होता. कसा होता विचारलं तर म्हणते, "तू नाय समजायचंस."

तर जाणकारांनो, धक्का हलला का? की आजीची आठवण हलली?

निवृत्त_लालबागकर

नातवा, धक्का एकदा खरोखरच हललाय, पण आजी ज्याबद्दल बोलते आहे ते हे नव्हे.

आधी भाऊचं सांगतो. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य हे त्यांचं नाव, लोक भाऊ म्हणत. त्यांनी समुद्रात भराव घालून 1841 च्या सुमारास धक्का बांधला. तो तुम्ही गेलात तिथे नव्हता, दक्षिणेला मस्जिद-कर्नाक बंदराच्या बाजूला होता. पुढे 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक झाला, मग व्हिक्टोरिया. समुद्र बुजत गेला आणि किनाऱ्याची रेघच बदलली. भाऊंचा मूळ धक्का त्यात कुठच्या कुठे गेला. पण मुंबईकराने नाव सोडलं नाही, उचलून इकडे माझगावला आणलं. इंग्रजीत फेरी व्हार्फ लिहा नाहीतर आणखी काही, टॅक्सीवाल्याला "भाऊचा धक्का" म्हटलं की तो मीटर टाकतो.

म्हणजे कागदावर तुमचं बरोबर. आता आजीची बाजू.

माझे वडील गिरणीत होते. आम्ही लालबागच्या चाळीत, गाव मालवण तालुक्यात. मे महिन्यात आई आणि आम्ही तीन भावंडं बोटीने जायचो. वडिलांना रजा नसायची, ते फक्त पोचवायला यायचे. आमच्या वेळच्या बोटी म्हणजे कोकण सेवक आणि कोकण शक्ती. आईच्या तोंडी मात्र कायम जुनी नावं, रोहिणी आणि चंद्रावती. कुठल्याही बोटीला ती रोहिणीच म्हणायची.

डेकच्या तिकिटाला जागेचा नंबर नसतो. जो आधी चादर टाकेल त्याची जागा. मी सात वर्षांचा, अंगाने काटकुळा. वडील चादरीची गुंडाळी माझ्या काखेत द्यायचे आणि दरवर्षी तेच सांगायचे: "धुराड्याजवळ नको, संडासाजवळ नको, शिडीजवळ नको." फळी लागली रे लागली की मी लोकांच्या पायांमधून आत. मागून ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह, गावच्या देवाला न्यायचा नारळ आणि दोन-चार शिव्या. चादर पसरून चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवायच्या आणि मधोमध आडवं पडायचं. आई येईपर्यंत उठायचं नाही, कोणी कितीही "बाळा, जरा सरक" म्हटलं तरी. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना सरकून जागा दिली, तर त्यांची सात माणसं आली. त्या वर्षी आम्ही शिडीजवळ झोपलो आणि वडिलांचं पत्र येईपर्यंत आईने मला ऐकवलं.

सकाळी निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली उतरायची. हर्णैपर्यंत निम्म्या डेकला बोट लागलेली असायची. (हल्लीच्या पोरांसाठी: "बोट लागली" म्हणजे किनाऱ्याला नव्हे, पोटाला.) आई आवळासुपारी देत राहायची. मालवण यायचं ते रात्री, गाढ झोपेत. बोट आत येत नसे, बाहेर उभी राहायची आणि किनाऱ्यावरून पडाव (लहान होड्या) यायचे. खाली अंधारात तो पडाव लाटेबरोबर वर येतोय, खाली जातोय. खलाशी आम्हा पोरांना दंडाला धरून लोंबकळवायचा. पडाव वर आला की सोडायचा, आणि खालचा झेलायचा. माझी धाकटी बहीण दर वेळी डोळे मिटून घ्यायची आणि उतरल्यावर म्हणायची, मी नाही घाबरले.

म्हणून आजीला विचारून बघा. तिचा "धक्का" म्हणजे दगडी कठडा नसणार. ती सकाळची चेंगराचेंगर, ती फळी आणि खाली उभा राहून हात हलवणारा कोणीतरी माणूस, असंच काहीतरी असेल. तुम्ही तिला गाडीतून न उतरवता आत नेलंत. तिने धक्का ओलांडलाच नाही!

उरणची_सुमा

वरच्या काकांचं वाचून मजा आली, पण त्यावरून "बोटी बंद झाल्या" असं कोणी समजू नका. आमची लाँच आजही तिथूनच सुटते.

मी बावीस वर्षं मोरा (आमच्या उरणचं बंदर) ते भाऊचा धक्का जा-ये केली. पावसाळ्यात गेटवेवरची मांडव्याची सेवा बंद होते, तेव्हाही आमची मोऱ्याची आणि रेवसची लाँच चालू असते. आमचं घड्याळ मात्र ऑफिसचं नसायचं, भरती-ओहोटीचं. मोऱ्याला गाळ इतका साचलाय की पूर्ण सुकतीला लाँच धक्क्याला लागतच नाही. कॅलेंडरवर अमावस्या-पौर्णिमा मी उपासासाठी नाही, लेट मार्कासाठी बघायचे. साहेबांना "ओहोटी होती" हे कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

12 जानेवारी 2024 ला एकाच दिवशी अटल सेतू सुरू झाला आणि लोकलही उरणपर्यंत आली. तेव्हापासून माझ्या सोबतच्या अर्ध्या बायका ट्रेनने जातात. मीही जाते, खोटं कशाला बोलू. पण लाँचमध्ये आमची पुढच्या बाकड्याची जागा ठरलेली होती. मटार तिथेच सोलायचे आणि हळदीकुंकूही तिथेच व्हायचं. ट्रेनमध्ये बसायला मिळालं तरी नशीब.

रेवदंड्याचा_वारा

धक्क्याचा विषय निघाला आणि रामदासचं नाव नाही, असं कसं होईल?

17 जुलै 1947, गटारी अमावस्या. सणासाठी घरी निघालेली माणसं सकाळी आठ वाजता भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोटीत बसली. जायचं होतं रेवसला, म्हणजे वर सुमाताई म्हणतात तोच रस्ता. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत बोट एका अंगावर कलली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या घरातलं कोणी नव्हतं, पण शेजारच्या दोन घरांत होतं. आमच्याकडे जुनी माणसं अजून गटारीला बोटीत बसत नाहीत. कारण कोणी सांगत नाही, नुसतं "उद्या जा" म्हणतात.

माझगावचा_नातू

सगळ्यांचे आभार. काका, आजीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. चपलांवर हसली. पडावाचं वाचताना म्हणाली, "आमका लुगडा सांभाळून उतरूचा लागायचा, तुमका पोरांका काय!" मग बराच वेळ ती कुठल्या कुठल्या माणसांची नावं घेत बसली. त्यातली बरीचशी मी पहिल्यांदाच ऐकली.

आता पुढचा प्रश्न. तिला तो भाग परत दाखवायचा असेल तर कुठे नेऊ? रो-रोचं टर्मिनल बाद.

निवृत्त_लालबागकर

मासळीच्या बाजूला न्या. कोकणच्या बोटी 1980 च्या दशकाच्या अखेरीस बंद पडल्या. आमच्यासाठी पुढे बरीच वर्षं धक्का म्हणजे रविवारची मासळी. ट्रॉलर रात्री लागतात आणि पहाटे लिलाव. सहाच्या आत पोचा, सातनंतर उरतो तो चिखल. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊ नका.

आजीला बंद चपला घाला, खाली बर्फाचं पाणी आणि खवले असतात. हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडला की खरंच बाजूला व्हा, तो थांबत नाही. आणि सुरमई-पापलेटच्या ढिगाकडे बघत बसू नका, ते मोठ्या व्यापाऱ्यांचं. कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे वाटे मिळतात. भाव आजीला करू द्या, तुम्ही तोंड उघडू नका.

माझगावचा_नातू

नेऊन आणलं, काल पहाटे. गाडी लांब लावून चालत गेलो. गर्दीत मी तिचा हात धरायला गेलो तर तिने झटकला. पदर कमरेला खोचला आणि दोन टोपल्यांच्या मधून अशी शिरली की मीच मागे राहिलो. टोपलीवालीने सांगितलेल्या भावावर ती इतकी मोठ्याने हसली की ती बाईही हसायला लागली. एक वाटा बांगडे घेतले, वर चार माकुल फुकट.

पाण्याच्या कडेला थोडा वेळ उभी राहिली. समोर ट्रॉलर दाटीवाटीने लागलेले, पलीकडे रो-रोचा पांढरा मनोरा. मी विचारलं, "काय गो, ह्यो तरी?"

म्हणाली, "वास तोच आसा."

एवढंच. मग म्हणाली, बर्फ वितळता, चल.

उरणची_सुमा

बांगडे कसे लावले ते सांगा की! मुद्द्याचं तेवढं राहिलंच.