फेस आला म्हणजे जखम साफ झाली काय?

संकेश्वरची सिस्टर
कारखान्याचा हंगाम सुरू झाला की कोयत्यानं कापलेली बोटं आणि पिंढऱ्या घेऊन माणसं यायला लागतात. बरेच जण घरातूनच हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून आलेले असतात. वर सांगतात, "फेस लई आला सिस्टर, घाण सगळी निघाली."

माझं मत स्पष्ट आहे. किरकोळ जखमेला याची गरज नाही. नळाच्या धारेखाली धुवा, आजूबाजूला साबण लावा, स्वच्छ कापडानं दाबून रक्त थांबवा, पट्टी बांधा. झालं.

फेस कशाचा, तर आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. जंतू असोत नसोत, रक्त आहे तिथं फेस येणारच. पटत नसेल तर बेळगावी बटाट्याची ताजी फोड घ्या आणि वर थेंब टाका. तीही फसफसते. बटाट्यात कुठला पू?

उद्यमबागचा फिटर
बटाट्याचं राहू द्या. लेथवर बोट कापलं की जखमेत ऑइल आणि लोखंडाचा बारीक कीस जातो. नुसत्या नळाखाली धरून तो हलत नाही ओ. पेरॉक्साइड टाकलं की बुडबुड्यांबरोबर काळा कीस वर येताना डोळ्यांनी दिसतो. रक्तानं चिकटलेली पट्टीसुद्धा न ओढता सुटते. १८१८ साली शोध लागलेली वस्तू आजवर दवाखान्यात टिकली ती उगीच काय?

आणि आमचा पोरगा बीएस्सीला आहे. तो सांगतो, पांढऱ्या पेशी जंतू मारायला स्वतःच पेरॉक्साइड बनवतात. शरीर जे स्वतः बनवतं ते वाईट कसं?

संकेश्वरची सिस्टर
पोरगा बरोबर सांगतोय. खरं पांढरी पेशी आधी जंतूला गिळते आणि पोटातल्या पिशवीत त्याच्यावर ते सोडते, अगदी थोडं. तुम्ही टोपणभर ओतता. त्यानं जंतू मरतात, नाही कोण म्हणतंय? पण जखम भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. कडा पांढऱ्या पडून चुरचुरतं ना, ते औषध "लागू पडल्याचं" लक्षण नव्हे. त्यात जखमेत पू करणारा नेहमीचा स्टॅफिलोकॉकस स्वतःचं कॅटालेज बाळगून असतो. रक्तातलं आणि त्याचं मिळून तुमचं औषध बघता बघता पाणी होतं.

कीस निघतो, मान्य. तेच काम सुई काढलेल्या सिरिंजनं सलाईनचा फवारा मारून होतं.

निपाणीचा मेडिकलवाला
दोघांनीही लेबल वाचा म्हणावं. परदेशातल्या व्हिडिओत ३ टक्क्यांची बाटली दाखवतात. आपल्याकडे बहुतेक वेळा ६ टक्के मिळते, त्यावर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं. म्हणजे १ मिली औषधातून २० मिली ऑक्सिजन. व्हिडिओ बघून ही तशीच ओतली की दुप्पट कडक झाली. माझ्याकडून नेणाऱ्याला मी निम्मं पाणी घालायला सांगतो. ऐकणारे ऐकतात.

अथणीचा शेतकरी
मग गंजका खिळा पायात घुसला तर? धनुर्वाताचा जंतू ऑक्सिजनमध्ये जगत नाही, म्हणून पेरॉक्साइड घालायचं, असं आमचे जुने डॉक्टर सांगत.

संकेश्वरची सिस्टर
दादा, तिथं तर अजिबात नको! जंतूला ऑक्सिजन चालत नाही हे खरं, पण मातीतून आत जातात ते त्याचे बीजाणू, आणि ते चिवट. धनुर्वात लसीनं टळतो. पूर्वी टीटी म्हणायचो, आता टीडी. शेवटचा डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर दवाखान्यात या. अरुंद, खोल भोकात पेरॉक्साइड दाबून घातलं तर वायूला बाहेर पडायला वाट नसते. तो रक्तवाहिनीत शिरू शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. मेडिकलवाल्यांचा २० मिलीचा हिशेब इथं आठवा.

वडगावचा विणकर
कापड ब्लीच करायच्या कॅनमधलं पेरॉक्साइड पाणी घालून लावणारे महाभाग मी पाहिलेत. ते ३५ नाहीतर ५० टक्के असतं. हातावर सांडलं तर कातडी पांढरीफटक होऊन आग आग होते. कितीही पाणी घाला, जखमेजवळ नेऊ नका.

उद्यमबागचा फिटर
कॅनचं कोण बोलूलालंय? मी मेडिकलच्या बाटलीचं बोलतोय. ती पेटीतनं काढणार नाही. कीस असला तर पहिल्यांदा एकदाच, पाणी घालून, मग नळाखाली. रोज ड्रेसिंगला वापरणारे चुकतात, एवढं सिस्टरचं घेतलं. सिरिंजही ठेवतो पेटीत.

संकेश्वरची सिस्टर
सलाईनची बाटलीपण ठेवा. आणि कुत्रा चावला तर पेटी उघडत बसू नका. साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि थेट रेबीजच्या इंजेक्शनला.

शहापूरची वहिनी
एवढी चर्चा वाचली. आता घरातल्या भरलेल्या बाटलीचं काय करू?

संकेश्वरची सिस्टर
पांढऱ्या सुती कपड्यावरचा रक्ताचा डाग. थंड पाण्यात भिजवा, डागावर ओता, फेस बसला की चोळा. रंगीत कपड्याचा रंग जाईल हं. आमच्या ॲप्रनचे डाग असेच निघतात.