‘एडवर्ड सिझरहँड्स’मधला शाप नेमका कोणता?

कोथरूडकर
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभागृहात आम्ही टिम बर्टन यांचा १९९० सालचा ‘एडवर्ड सिझरहँड्स’ दाखवला. बर्फ कुठून येतो, असे नात विचारते आणि आजी तिला झोपताना गोष्ट सांगू लागते. मग टेकडीवरची काळोखी गढी, तिच्यात एक मनुष्य घडवून तो पुरा होण्याआधीच मरण पावलेला म्हातारा संशोधक आणि बोटांच्या जागी कात्र्या घेऊन एकटाच राहिलेला एडवर्ड असा परीकथेचा सगळा सरंजाम आपल्यासमोर येतो. एवढे मांडूनही शेवटी एडवर्डला ना हात मिळतात, ना त्याचे जिच्यावर प्रेम जडते ती किम. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने विचारले, “म्हणजे त्याचा शाप सुटलाच नाही?” मला धड उत्तर देता आले नाही. ही परीकथा अर्धवट सोडली आहे, की ती मुळातच वेगळ्या जातीची गोष्ट आहे?

पडदा_आणि_पान
भाचीचा प्रश्न अचूक आहे, पण या गोष्टीत शाप कोणी दिलेलाच नाही. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या फ्रेंच कथेचे जे रूप मादाम द बोमाँ यांनी १७५६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात श्वापद हे मुळात राजपुत्रच असते, त्यामुळे प्रेम लाभताच त्याला आपल्या मूळ रूपात परतता येते. एडवर्डला परतण्यासाठी मूळ रूपच नाही. संशोधक त्याला खरे हात भेट म्हणून दाखवतो आणि त्याच क्षणी कोसळतो. म्हणजे एडवर्ड बिघडलेला नसून अपुरा राहिलेला आहे, आणि अपुरेपणावर उःशाप चालत नाही. शिवाय ज्या पात्यांनी तो झुडपांतून प्राणी कोरतो, त्याच पात्यांमुळे त्याला किमला जवळ घेता येत नाही. वर आणि शाप एकाच वस्तूत असल्याने एक टाकून दुसरा ठेवता येत नाही, आणि परीकथेचा नेहमीचा शेवट मला वाटते येथेच अशक्य होतो.

नारायणपेठी
मला हा चित्रपट पाहताना परीकथेपेक्षा आपली श्रावणातली शुक्रवारची कहाणी आठवली. भाऊ सहस्रभोजन घालतो, पण गरीब बहिणीला पानावरून उठवतो. पुढे देवीच्या कृपेने तिला संपत्ती येते आणि तोच भाऊ तिला आग्रहाने जेवायला बोलावतो. तेव्हा ती अंगावरचे दागिने उतरवून पाटावर मांडते आणि एकेक घास त्यांच्यावर ठेवते, कारण आमंत्रण दागिन्यांना होते. एडवर्डला टेकडीखालच्या वसाहतीत जे आमंत्रण मिळते तेही असेच आहे. झुडपे कापून होतात, मग कुत्र्यांचे केस, मग बायकांचे; जोवर कात्र्या उपयोगी आहेत तोवर त्याच्या तोंडात घास भरवायला अंगणात गर्दी होते, आणि एका चोरीचा आळ येताच तीच माणसे पाठ फिरवतात. फरक इतकाच की कहाणीतली बहीण भावाला त्याच्याच घरात सुनावते आणि भाऊ खजील होतो. एडवर्डपाशी असे सुनावण्याइतके शब्दच नाहीत, आणि वसाहतही कधी खजील होत नाही. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणायला जागाच उरत नाही.

तिरकस
कहाणीचा दाखला मान्य आहे, परंतु वसाहतीला सरसकट दुष्ट ठरवू नये. सौंदर्यप्रसाधने दारोदार विकणारी पेग गढीत शिरते, एडवर्डला पाहून आधी घाबरते आणि मग त्याला घरी घेऊन येते. शेवटी पोलीस अधिकारीही हवेत गोळ्या झाडून त्याला पळून जाण्याची संधी देतो. माझी तक्रार दुसरीच आहे. एडवर्ड इतका निरागस रंगवला आहे की त्याची बाजू घ्यायला प्रेक्षकाला काहीच मोजावे लागत नाही. किमवर हात उचलणाऱ्या तिच्या प्रियकराला, जिमला तो ठार मारतो. आटपाट नगरातल्या राजपुत्राने राक्षस मारावा तसे हे घडते आणि चित्रपट लगेच पुढे सरकतो. उपऱ्या माणसाच्या हातून खून झाल्यावर आपण त्याच्याकडे कसे पाहणार, हा खरा अवघड प्रश्न होता. किम गर्दीला खोटेच सांगते की दोघांनी एकमेकांना मारले, आणि तो प्रश्न त्या खोट्याखाली दबून जातो.

कोथरूडकर
तिघांचेही आभार. तिरकस, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून लक्षात आले की एडवर्ड जिवंत राहतो तो किमच्या खोटेपणामुळे, आणि ते खोटे ती म्हातारी होईपर्यंत सांभाळते. आज नातीला गोष्ट सांगताना ती पहिल्यांदाच खरे बोलत असावी. एडवर्ड गढीत बर्फाचे पुतळे कोरतो आणि त्याचा भुगा वसाहतीवर उडत येतो. तो येण्यापूर्वी येथे बर्फ पडत नसे, एवढाच पुरावा तिच्याकडे आहे. पुढच्या रविवारी भाचीला तेवढा शेवट पुन्हा दाखवणार आहे, आणि त्याआधी शुक्रवारची कहाणी वाचून दाखवणार आहे, कारण ती तिने अजून ऐकलेलीच नाही.