दालचिनी-बेदाण्याचे बेगल फुगत नाहीत, मदत हवी आहे

बेगल म्हणजे आधी उकळून मग भाजलेला कड्यासारखा पाव. प्रमाण असं: ५०० ग्रॅम मैदा (प्रथिनं १२%), २८५ ग्रॅम पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम ब्राऊन शुगर, ८ ग्रॅम दालचिनी पूड, १०० ग्रॅम बेदाणे (भिजवून, निथळून, कोरडे पुसून). आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी एक बेगल पाण्यात सोडून बघते (नीट फुगला असेल तर तरंगतो), तर तो तळाशी बसतो. बाहेर दोन तास ठेवला तरी तेच. उकळत्या पाण्यातून काढल्यावर सुरकुततो, भाजल्यावर आत गच्च.

याच मापाने साधे बेगल उत्तम होतात, म्हणजे यीस्ट आणि ओव्हन ठीक आहेत. दालचिनीतलं सिनमाल्डिहाइड यीस्टला मंदावतं, त्यामुळे संशय तिच्यावरच. पूड ४ ग्रॅम केली तर फुगतात, पण चव मिळमिळीत. मग बेगल करायचेच कशाला!

ओटीजी २३० अंशांपर्यंत जातो. अंडं चालणार नाही. माल्ट (मोड आणलेल्या जवाचा गोड अर्क) मिळत नाही, म्हणून उकळायच्या पाण्यात गूळ आणि चिमूटभर सोडा घालते. वरून दालचिनी-साखर लावली तर साखर जळते, म्हणून तो पर्याय नको.

८ ग्रॅम दालचिनी ठेवून यीस्ट ७ ग्रॅम करावं, की साधं पीठ आधी फुगवून आकार देताना पूड थरांमध्ये भुरभुरावी? थर दिले तर उकळताना जोड सुटू नये म्हणून काय करता?