चर्चच्या तरुण संघाला सेवेसाठी मोठ्या शहरात न्यायचंय, काय तयारी करू?

प्रश्न: आमच्या चर्चची १८ मुलंमुली, बहुतेक १५-१७ वयाची, पाच दिवस बेघरांच्या निवाऱ्यात मदत करायला जाणार आहेत, पहिलीच वेळ आहे आणि मला सारखं वाटतंय की आपण तिथे मदतीपेक्षा अडचणच व्हायचो. अनुभव असेल तर सांगा ना.

उत्तर १: आधी निवाऱ्याच्या लोकांना फोन करून विचारा की तुम्हाला नक्की काय हवंय. आम्ही न विचारता कपड्यांची पोती घेऊन गेलो आणि त्यांना हवे होते नवे मोजे आणि अंतर्वस्त्रं, कारण ते कोणी दान देतच नाही. आमचे दोन दिवस कपडे निवडण्यातच गेले, अजून वाईट वाटतं त्याचं.

उत्तर २: पालकांची लेखी संमती, औषधं-ॲलर्जीची यादी, आणि मुलं-मुली दोघांसोबत मोठी माणसं हवीतच. शहरात एकट्याने कुठेच जायचं नाही, जोडीनेच. आणि फोटो!! तिथल्या माणसांचे फोटो काढायचे नाहीत म्हणजे नाहीत, त्यांचं दुःख आपल्या स्टेटससाठी नाहीये.

उत्तर ३: रोज रात्री अर्धा तास बसून बोला, मुलं खूप काही मनात साठवतात, आमच्यातली एक तर तिसऱ्या दिवशी रडायलाच लागली. आम्ही तेव्हा बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली गोष्ट, वाचला, त्यात शोमरोन प्रांतातला एक वाटसरू जखमी माणसाला सरायवाल्याकडे सोपवतो, पैसे देतो आणि परत येईन म्हणतो. मग मुलांनीच विचारलं, आपण परत कधी यायचं?

प्रश्नकर्ता: मनापासून आभार, उद्याच निवाऱ्यात फोन करते.