मदत हवी आहे: दांडीची शेवंती रविवारपर्यंत टिकवायची कशी? (कोल्हापूर)

मंडळी, जरा घाई आहे. रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी, कार्यक्रम शिवाजी पेठेत घरीच. त्यांना शेवंतीचं भारी वेड, पण शेवंती म्हणजे एकतर वेणी, नाहीतर अंबाबाईला. "दांडीसकट पाण्यात कशाला बुडवायची?" असं आधीच विचारून झालंय. मला मात्र हॉलमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर पिवळी-पांढरी शेवंतीच हवी आहे.

सरावाला म्हणून सोमवारी एक बंच आणला. महाद्वाराच्या बाजूला सगळी सुटी फुलं, हाराची. दांडीची एका दुकानात मिळाली. घरी येऊन किचनच्या कात्रीनं दांड्या कापल्या, पितळी तांब्यात पाणी, वर चमचाभर साखर (माहेरी गुलाबाला घालतात), आणि तांब्या ठेवला केळ्यांच्या टोपलीशेजारी. बुधवारी पानं पिवळी, फुलांनी माना टाकलेल्या, आणि पाण्याला असा वास की लेकानं नाक दाबून तांब्या मोरीत ओतला. दोन मोठी गेंदासारखी फुलं होती, त्यांच्या पाकळ्या तर हात लावताच भसाभस गळाल्या.

फुलं आणायची कधी? घेताना बघायचं काय? साखर घालायची की नाही? आणि सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ आहे, तोंड हातभर रुंद. त्यात दांड्या चारी दिशांना आडव्या होतात. फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज मला नको आहे, पुन्हा वापरता येत नाही आणि कचऱ्यात तसाच राहतो.

प्रतिसाद

ताई, फूल मेलं नाही, दांडी तुंबली. शेवंतीची दांडी खाली लाकडासारखी असते. कात्रीनं ती चेचली जाते आणि पाणी वर चढायचा रस्ता बंद होतो. धारदार सुरीनं तिरकी कापा. बुडाचा टणक, तपकिरी भाग काढूनच टाका. पाण्याखाली येणारं एकूण एक पान खुडा, तुमचा वास तिथूनच आला. पान कुजलं की जंतू वाढतात आणि तेच दांडीत अडकतात.

साखर नको. शेवंतीला ती जास्त झाली की पानंच आधी पिवळी पडतात. केळ्यांना मात्र उगाच बोल नका लावू. कार्नेशन असतं तर केळ्यांच्या वाफेनं दुसऱ्या दिवशी मिटलं असतं, शेवंतीचं फूल त्याला फारशी दाद देत नाही. एक दिवसाआड पाणी बदला आणि दर वेळी दांडी बोटाच्या पेराएवढी कापा. नीट सांभाळली तर दहा-बारा दिवस कुठं जात नाहीत, तुम्हाला तर रविवारच गाठायचाय.

प्रतिसाद

आमचं शिरोळकडं पॉलिहाऊस आहे, म्हणून सांगतो. शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते. रोप वाढवायचं असतं तोवर आम्ही रात्री दिवे लावतो, आणि कळ्या हव्या असल्या की संध्याकाळी काळं कापड ओढतो. तोडणी फुलं बऱ्यापैकी उमलल्यावरच करतो. गुलाबासारखी मिटलेली कळी घरी नेऊन फुलंल म्हणाल तर ती बहुतेक तशीच राहते. तेव्हा घट्ट कळ्यांचा बंच घेऊ नका.

घेताना फूल उलटं करून बघा. मागच्या पाकळ्या तपकिरी, मऊ असतील तर माल जुना. मोठ्या गेंदाचा मधला भाग अजून घट्ट, किंचित हिरवट हवा. डेझीसारखं असेल तर मधली पिवळी चकती सपाट हवी, पराग सुटून फुगलेली नको. आणि बुडाला बोट लावा. बुळबुळीत लागलं की बंच सरळ परत ठेवा, दुकानदार काय बोलंल ते बोलू द्या.

प्रतिसाद

शनिवारी सकाळी आणा. आणल्या आणल्या नवीन काप देऊन बादलीत निम्म्या दांडीपर्यंत पाण्यात, अंधाऱ्या गार खोलीत पाच-सहा तास. रचायचं त्यानंतर.

घंगाळात स्टीलचा डबा बसवा, पाणी डब्यात. डब्याच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी आडवी-उभी लावून चौकटी करा, दर चौकटीत एक-दोन दांड्या. पाण्यात ब्लीच घालायचं असेल तर लिटरला पाव चमचा, पण डब्यातच, घंगाळाला लागू देऊ नका.

गेंदाच्या पाकळ्यांना जुना प्रदर्शनवाला उपाय: फूल उलटं धरून देठाशी मेणबत्तीच्या मेणाचे दोन थेंब. पाकळ्या मुळाशी धरून राहतात.

आणि कुणाच्या हाताला खाज सुटत असेल तर मोजे घाला, शेवंतीचा चीक काहींना बाधतो. घरात मांजर असेल तर फुलं उंचावर ठेवा, तिनं पानं चघळली तर त्रास होतो.

धागाकर्ती (शनिवार रात्र)

सगळ्यांचे आभार! सकाळी शिंगोशी मार्केटला जाऊन सहा बंच आणले. पहिल्या दुकानात बुड बुळबुळीत निघालं, दादांनी सांगितल्यासारखं परत ठेवलं, दुकानदार खरंच बोलला. चौकटीची युक्ती झकास! एकही दांडी आडवी झाली नाही. मधे उंच पांढरी, कडेनं आखूड पिवळी लावली. आधी सगळ्या एकाच उंचीच्या कापल्या होत्या, झाडूसारखं दिसत होतं. मेणानं बोट भाजलं, पण पाकळी हलली नाही.

फक्त बादलीत उरलेली चार पिवळी मोजताना दोनच भरली. बाकीची दोन देवघरात सापडली, दांडी मोडून.