व्हॅलेन्सिया म्हणे एका दिवसात उरकतं!

सागरिका: काल एकाने लिहिलं, 'मित्रांबरोबर वीकेंडला स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला जाऊन आलो. बीच ठीक. तिथला भाताचा पदार्थ पाएया म्हणजे फिका पुलाव. वास्तुकार कॅलात्रावाच्या इमारतींसमोर फोटो काढले की शहर संपलं. पैसे बार्सिलोनात घाला.' वाचून डोकंच फिरलं.

शनिवारी दुपारी उतरायचं, रात्रभर जागायचं, रविवारी अकराला उठायचं आणि वर शहरात काही नाही म्हणायचं! सेंट्रल मार्केट रविवारी बंद असतं. कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं ते गुरुवारी दुपारी बाराला. काळे डगले घातलेले, शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच उघड्यावर बसून पाटाच्या पाण्याचे तंटे सोडवतात. सगळं तोंडी, निकाल जागच्या जागी. युनेस्कोने २००९ साली त्याला वारसा म्हणून मान दिला.

आणि तूरिया नदीच्या जुन्या पात्रातली बाग? १९५७ च्या ऑक्टोबरात पुराने शहर बुडालं, म्हणून नदीच दक्षिणेकडे वळवली. रिकाम्या पात्रातून महामार्ग काढायचं घाटत होतं. लोक हटून बसले, पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवंच हवं. आज तिथे जवळपास नऊ किलोमीटर बाग आहे. वर जुने दगडी पूल, त्यांच्या कमानींखालून सायकली जातात, बाजूला पोरांचा फुटबॉल. तुमच्या फोटोतल्या इमारतीही त्याच पात्रात उभ्या आहेत.

डोंगरवाट: ताई, नोकरदार माणूस गुरुवारी कुठून जाणार? आम्ही फ्रँकफुर्टला असतो. निम्मी रजा भारतवारीत जाते, उरतात शनिवार-रविवार. चार मित्रांच्या सुट्ट्या जुळवणं काय असतं ते जुळवणाऱ्यालाच विचारा. आणि कॅलात्रावाचं कौतुक मला नका सांगू. खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, आणि २०१३ मध्ये ऑपेरा हाऊसच्या दर्शनी भागावरचे टाइल्सचे तुकडे गळायला लागले. उघडून दहा वर्षंही झाली नव्हती!

वांगीभात: पाएयाचा विषय निघालाच आहे तर बोलतेच. ग्रुपमध्ये मी एकटी शाकाहारी. भाज्यांचा पाएया मागवला, अर्धा संपल्यावर कळलं की भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलाय. मैत्रिणी म्हणतात, 'एवढं काय, तुकडे नाहीत ना?' मला रडूच आलं. वर बिलाचे सारखे भाग, म्हणजे त्यांच्या कोळंबीचे पैसेही मीच भरायचे.

पोटोबा: तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण दोष पाएयाला का? तिथला मूळ पाएया कोंबडी आणि सशाचाच. शिवाय चपट्या हिरव्या शेंगा, गर्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर. शहर समुद्रकाठी म्हणून कोळंबीवालाच अस्सल, हा बाहेरच्यांचा समज. तांदूळ अल्बुफेरा तलावाकाठच्या खाचरांतला. आणि तो दुपारी खायचा असतो! रात्री दहाला बीचवर फोटोंचं मेनूकार्ड बघून मागवला तर फिकाच मिळणार. तळाशी धरलेली खरवड उलथन्याने खरवडून खाल्ली नसेल, तर त्याला पुलाव म्हणायचा अधिकार नाही.

वांगीभात: अधिकार? पैसे मोजले, फसवलं गेलं, आणि आता मला तुमच्याकडून परवाना काढायचा? पदार्थात मांसाचं पाणी आहे एवढं सांगायला वेटरला किती वेळ लागतो?

पोटोबा: विचारायचं आधी. मी शेंगदाण्याच्या ॲलर्जीवाल्या भावाला घेऊन फिरतो, प्रत्येक ठिकाणी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन विचारतो.

म्हाळसा: पोटोबा, आवाज खाली. ती म्हणते त्यात तथ्य आहे. माझ्या सासूबाईंना तिथे होर्चाता नावाच्या पेयाने तारलं. चुफाचे कंद, पाणी, साखर, दूध नाही. शहराशेजारच्या आल्बोरायाला जाऊन प्या.

सागरिका: धागा भाताचा नाहीये! तुम्ही शहराबद्दल बोला ना कुणीतरी.

डोंगरवाट: शहराबद्दलच बोलतो. नदी वळवून शहर वाचवलं म्हणता, मग २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुराचं काय? पायपोर्ता, कातारोखा चिखलात गेले, प्रांतात दोनशेवर माणसं मेली. मोबाइलवर इशारा आला तो रात्री आठनंतर, तोवर रस्त्यांवर पाणी होतं. त्या बागेचं कौतुक करताना दक्षिणेकडच्या गावांचं नावही नाही तुमच्या लेखात.

सागरिका: पूर पोयोच्या ओढ्याला आला होता. वळवलेल्या पात्राने आपलं पाणी पेललं, म्हणून मध्यवर्ती शहर कोरडं राहिलं. दोन्ही एकत्र कालवू नका. पण हो, त्या गावांचा उल्लेख हवा होता, एवढं मान्य. म्हणून शहर एका दिवसात संपतं हे सिद्ध होत नाही.

डोंगरवाट: मी कुठे म्हणालो संपतं? मी म्हणालो, वीकेंडवाल्यांना हिणवू नका. शनिवारी पहाटेचं विमान मिळालं तर मार्केट तीनला बंद व्हायच्या आत गाठता येतं. पुढच्या वेळी तेवढं करू. गुरुवारची रजा मात्र मॅनेजरकडे तुम्हीच मागा.

वांगीभात: आणि हॉटेलात भाताच्या पाण्याचं विचारायला पोटोबांना सोबत न्या.